गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीला आतून एफआरपी लायनिंग: माल, माप आणि कामाचा क्रम

गच्चीवरची आरसीसी टाकी गळायला लागली की आधी बाहेरच्या भिंतीवर पांढरा क्षार फुलतो, मग वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते आणि सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, "आतून फायबर मारून घेऊ." सल्ला बरोबर आहे. काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा दोन-अडीच मिलिमीटरचा सलग थर (हीच एफआरपी, म्हणजे फायबर रीइन्फोर्स्ड प्लास्टिक) पाण्याला जागाच ठेवत नाही आणि नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. तरीही दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखी सुटलेली लायनिंगं जागोजाग दिसतात. एफआरपी सहसा फाटत नाही, ती सुटते. कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: खालचं काँक्रीट ओलं होतं, किंवा रेझिन पुरतं पिकलं, म्हणजे आतपर्यंत कडक झालं, नव्हतं. म्हणून या लेखात मॅट चिकटवण्यापेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांवर जास्त भर आहे.

आधी, हे काम कुठे करू नये

लायनिंग म्हणजे टाकीला घातलेला रेनकोट. तिने टाकीची ताकद वाढत नाही. सळ्या गंजून काँक्रीटचे पोपडे पडत असतील, तळाचा स्लॅब खाली झुकलेला दिसत असेल किंवा भिंतीला आरपार भेग असेल, तर पहिला फोन स्ट्रक्चरल इंजिनिअरला करा. नऊ हजार लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच नऊ टन वजन, हे विसरू नका.

जमिनीतल्या टाकीची गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात भूजल वर येतं, बाहेरून भिंतीवर दाब देतं आणि टाकी रिकामी असली की लायनिंगला मागून ढकलतं. हा दाब फायबरची पकड सहन करत नाही, मोठमोठे फुगे येतात. अशा टाकीत आधी बाहेरून झिरपणारं पाणी ग्राउटिंग करून (भेगांत दाबाने सिमेंट किंवा रसायन भरून) थांबवा, एक पावसाळा कोरडी राहते का ते पाहा, मगच लायनिंगचा विचार करा.

हाच प्रकार गच्चीवरही घडतो, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. टाकीला मधली भिंत असून दोन कप्पे असतील, तर लोकांना पाणी मिळत राहावं म्हणून एक कप्पा भरलेला ठेवून दुसऱ्यात काम काढलं जातं. भरलेल्या कप्प्यातलं पाणी मधल्या भिंतीतून झिरपत राहतं, ती भिंत कधीच वाळत नाही आणि नेमक्या तिच्यावरचीच लायनिंग सुटते. दोन्ही कप्पे रिकामे करा. त्या दोन-अडीच आठवड्यांसाठी गच्चीवर एक-दोन हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जोडून घ्या. त्या ठेवायच्या त्या बीम किंवा भिंतीच्या रेषेवर, स्लॅबच्या मधोमध नाही.

माल कोणता मागायचा

दुकानात "फायबरचं रेझिन द्या" म्हटलं की बहुतेक वेळा जीपी रेझिन मिळतं, म्हणजे ऑर्थोफ्थॅलिक पॉलिएस्टर. पत्रे, कुंड्या, गाडीचे बंपर यांना ते चालतं. सतत पाण्यात बुडून राहणाऱ्या थराला आयसोफ्थॅलिक रेझिन लागतं, बाजारात त्याला नुसतं "आयसो" म्हणतात. सिमेंटचा अल्कली गुण साध्या पॉलिएस्टरला हळूहळू कुरतडतो, आयसो त्याला जास्त तोंड देतं आणि व्हिनाइल एस्टर त्याहूनही जास्त. पिण्याच्या पाण्याच्या घरगुती टाकीला आयसो पुरतं. व्हिनाइल एस्टर महाग आहे, तेव्हा ते प्राइमरसाठी वापरणं हा चांगला मध्यममार्ग.

रेझिनचं पत्रक मागवा. त्यात पिण्याच्या पाण्याशी संपर्कासाठी चाचणी झाल्याचा उल्लेख हवा: बीएस ६९२० किंवा एनएसएफ/एएनएसआय ६१. नुसता "फूड ग्रेड" हा शब्द डब्यावर कोणीही छापू शकतो.

मॅट ४५० ग्रॅमची घ्या, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४५० ग्रॅम. दोन बाजूंनी बोटांत धरून ओढली तर ती सारखी सुटली पाहिजे, गोळे-गोळे होऊन नाही. तिचे तुकडे ज्या चिकटपदार्थाने धरलेले असतात तो पावडरचा किंवा इमल्शनचा असतो. पाण्याच्या कामाला पावडरवाली मॅट चांगली. गच्चीवर दवात पडून भिजलेली मॅट वापरू नका, वाळल्यावरही ती रेझिन नीट पीत नाही. शेवटच्या थरासाठी ३० ग्रॅमचा सरफेस टिश्यू घ्या. तो पातळ कागदासारखा दिसतो, पण पाण्याला लागणारा रेझिनने भरलेला गुळगुळीत पदर त्याच्यामुळेच तयार होतो आणि मॅटचे तंतू वर येत नाहीत.

कोणी एपॉक्सी रेझिनसोबत हीच मॅट वापरायचं सुचवलं तर थांबवा. मॅटमधला चिकटपदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने (रेझिन पातळ ठेवणाऱ्या द्रवाने) विरघळतो आणि मॅट मऊ पडून कोपऱ्यात बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. एपॉक्सी वापरायचं असेल तर विणलेलं काचकापड लागतं. एकाच कामात दोन्ही मिसळणंही टाळा. पिकलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी चांगलं धरतं, पण एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, उलट संपर्काच्या जागी कच्चं राहू शकतं.

हिशोब

आतून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.६५ मीटर उंच टाकी घेऊ. पाणी दीड मीटरपर्यंत भरतं, म्हणजे ९,००० लिटर.

तळ ६ चौरस मीटर. भिंती (३ + २) × २ × १.६५ = १६.५ चौरस मीटर. एकूण २२.५, त्यात सांध्यांवरचे चढाव आणि कोपरे धरून २५ चौरस मीटर.

मॅटचे दोन थर: २५ × ०.९ = २२.५ किलो, कापण्यातली नासाडी धरून २४ किलो आणा. हाताने लावलेल्या मॅटला तिच्या वजनाच्या अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे साधारण ५६ किलो. टिश्यूला ८ किलो, प्राइमरला ७, टॉपकोटला (सगळ्यांत वरच्या हाताला) १०, पुट्टीला ४. बेरीज ८५, सांडमांड धरून ९० किलो. ४५० ग्रॅमच्या एका मॅटने पिकल्यावर साधारण १ मिलिमीटर जाडी मिळते. दोन मॅट, टिश्यू आणि टॉपकोट मिळून अडीच मिलिमीटरच्या आसपास.

हा हिशोब ठेकेदाराला देणाऱ्यांनीही करून ठेवावा. एवढ्या टाकीसाठी गच्चीवर ४० किलो रेझिन आणि मॅटचं अर्धं बंडल आलं, तर अडीच मिलिमीटर जाडी होणं शक्यच नाही. कोटेशनमध्ये नुसतं "फायबर कोटिंग, चौरस फुटाचा दर" असं लिहिलेलं मान्य करू नका. रेझिनचा प्रकार, मॅटचं वजन आणि थर, टिश्यू, एकूण जाडी आणि पिकण्यासाठी ठेवायचे दिवस, एवढं कागदावर हवंच. रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा आणि मोजा.

टाकीत उतरण्याआधी

हा भाग वगळू नका. रेझिनमध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्टायरीन असतं. त्याची वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड, त्यामुळे ती टाकीच्या तळाशी साचते, म्हणजे नेमकी तिथेच जिथे माणूस वाकून काम करतोय. चक्कर, डोकेदुखी, मग बेशुद्धी. स्टायरीन सुमारे ३१ अंशांना पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि आपल्याकडच्या गच्चीवर एवढं तापमान बहुतेक महिने दुपारी असतंच.

म्हणून: ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून तिथली हवा ओढून बाहेर टाकायची, ताजी हवा वरून येऊ द्यायची. वरून पंखा मारल्याने वाफ नुसती ढवळली जाते. वरच्या मापाच्या टाकीसाठी तासाला किमान २०० घनमीटर हवा ओढणारा ब्लोअर हवा, म्हणजे तासात वीसेक वेळा हवा बदलते. मोटर बाहेर आणि ज्वालारोधक प्रकारची. दिवा २४ व्होल्टचा, बंद काचेचा. ग्राइंडर, हॅलोजन, मोबाइल, बिडी यांतलं काहीही रेझिनच्या दिवशी आत नको. तोंडाला सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. कमरेला दोर, आणि मॅनहोलपाशी एक माणूस सतत बसलेला. आतला माणूस पडला तर बाहेरच्याने मास्क न लावता आत उडी मारायची नाही, दोराने ओढायचं.

आता हार्डनर, म्हणजे रेझिन पिकवणारा द्रव. त्याचं नाव एमईकेपी, आणि तो डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालूनच बाटली उघडा. उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि थेट दवाखान्यात जा. कोबाल्टचा अॅक्सिलरेटर (पिकण्याचा वेग वाढवणारा जांभळट-निळा द्रव) आणि एमईकेपी हे एकमेकांत कधीही मिसळू नका, एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवू नका. थेट एकत्र आले तर भडका उडतो. आधीच अॅक्सिलरेटर घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या, म्हणजे गच्चीवर कोबाल्टची बाटली येणारच नाही.

पृष्ठभाग

टाकी रिकामी करून गाळ काढा, शेवाळ ब्लीचिंगच्या पाण्याने घासा, धुवा. मग जुना चुना, सिमेंट स्लरी, रबरी किंवा डांबरी वॉटरप्रूफिंग, काय असेल ते सगळं काढायचं. कप व्हील लावलेला ग्राइंडर सगळ्या भिंतींवर आणि तळावर फिरवा. काँक्रीटवरची साय गेली पाहिजे आणि तळहाताला खरखरीत सँडपेपर लागला पाहिजे. काही मिस्त्री अॅसिडने धुऊन हेच साधायला बघतात. ते नको. अॅसिडमधला क्लोराइड काँक्रीटमध्ये राहतो आणि सळ्यांना गंज लावतो, शिवाय टाकी पुन्हा ओली होते ती वेगळीच.

हातोडीने सगळीकडे ठोकून पाहा. पोकळ आवाज येतो तिथे फोडा. सळई उघडी पडली तर गंज तारेच्या ब्रशने पांढरा धातू दिसेपर्यंत घासा, गंजरोधक लावा, पॉलिमर मॉर्टरने भरा. भेगा इंग्रजी व्ही आकारात सेंटिमीटरभर खोल उघडून भरून घ्या.

तळ आणि भिंत मिळते तिथे, आणि चारी उभ्या कोपऱ्यांत, गोलाई काढायची, मिस्त्रींच्या भाषेत वाटा. किमान २५ मिलिमीटर त्रिज्येचा, ५० मिळाला तर उत्तम. काटकोनात मॅट कधीच बसत नाही. ती ताणली जाते, मागे हवेची पोकळी राहते आणि टाकी भरल्यावर पाण्याच्या दाबाने थर तिथेच तडकतो. जुनी लायनिंग उघडून पाहिली तर पहिली भेग जवळपास नेहमी याच रेषेवर सापडते.

वरची कड कुठे संपवायची तेही आत्ताच ठरवा. ओव्हरफ्लोच्या किमान १०० मिलिमीटर वर भिंतीत १० बाय १० मिलिमीटरची आडवी खाच कटरने काढा. मॅटची कड त्या खाचेत दाबून बसवायची आहे. भिंतीवर मोकळी सोडलेल्या कडेमागे छतावरून ओघळणारं दव शिरतं आणि लायनिंग वरून खाली सोलत येते.

शेवटी धूळ व्हॅक्यूमने ओढा. झाडूने ती नुसती जागा बदलते.

ओल

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. नव्या सिमेंटच्या प्लास्टरला २८ दिवस लागतात. पॉलिमर मॉर्टरच्या दुरुस्तीला त्याच्या पत्रकात असतील तेवढे, निदान सात. जुन्या, पाण्याने भरलेल्या टाकीला पंखे लावूनही आठवडाभर धरा. डिसेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये.

कोरडं झालं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा तुकडा तळावर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. असाच एकेक तुकडा प्रत्येक भिंतीवर तळापासून हातभर उंचीवर लावा. १६ तासांनी उघडा. प्लास्टिकच्या आत थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालं असेल, तर अजून थांबा. एका भिंतीवर जरी थेंब आले तरी संपूर्ण काम थांबवायचं. "रेझिनच्या उष्णतेने सुकेल" असं म्हणणारे भेटतात. सुकत नाही. ओल वर येण्याचा प्रयत्न करत राहते, प्राइमरला काँक्रीटच्या छिद्रांत शिरू देत नाही, आणि थर वरून टणक पण खालून मोकळा राहतो.

प्राइमर आणि पुट्टी

प्राइमर पातळ हवा, म्हणजे तो आत मुरतो. व्हिनाइल एस्टरचा काँक्रीट प्राइमर घ्या, किंवा तेच आयसो रेझिन १० टक्के स्टायरीन घालून पातळ करा. चौरस मीटरला पाव किलो. जिथे पटकन शोषला जाऊन चमक दिसेनाशी होईल, तिथे दुसरा हात द्या.

वेळ संध्याकाळी चारनंतरची निवडा. सकाळी काँक्रीट तापत जातं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि प्राइमरमध्ये टाचणीच्या टोकाएवढी शेकडो भोकं पडतात. संध्याकाळी काँक्रीट थंड होत जातं, हवा आकसते आणि प्राइमर आत ओढला जातो. एकाच डब्यातला प्राइमर, पण फक्त वेळ बदलून पकड बदलते.

प्राइमर थोडा चिकट असतानाच पुट्टी: रेझिनमध्ये टाल्क घालून चपातीच्या कणकेएवढी घट्ट. छोटे खड्डे आणि वाट्यातले खाचखळगे तिने भरा. टाल्क फक्त पुट्टीत. मॅटच्या रेझिनमध्ये टाल्क किंवा खडूची पावडर घातली तर माल स्वस्त पडतो, पण रेझिन दुधाळ होतं, मॅट भिजली की नाही दिसत नाही आणि पाणी शोषलं जातं.

मिश्रण

हार्डनर "अंदाजाने झाकणभर" टाकणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे. १ किलो रेझिनला १० ग्रॅम, सिरिंजने मोजलं तर साधारण ९ मिलिलिटर. हे झालं १ टक्का. थंडीत दीड टक्क्यापर्यंत जा. १ टक्क्याच्या खाली रेझिन नंतर कधीच पुरतं पिकत नाही, आणि २ टक्क्यांच्या वर गेल्याने जास्त पिकतं असंही नाही. फक्त भरभर गोठतं, तापतं, आकसतं.

रोज काम सुरू करताना कागदी कपात १०० ग्रॅम रेझिन आणि १ ग्रॅम हार्डनर घेऊन घड्याळ लावा. काडी ओढली की रेझिन जेलीसारखं हलायला लागलं, ती वेळ लिहून ठेवा. वीस मिनिटं आली तर आरामात काम होईल. बारापेक्षा कमी आली तर ऊन उतरेपर्यंत थांबा. एका वेळी दीड किलोपेक्षा जास्त कालवू नका. बादलीत उरलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने धुराचे लोट सोडतं आणि पेटूही शकतं. गोठायला लागलं की बादली लगेच वर काढा आणि रेझिन उघड्यावर वाळूत पसरून टाका. हार्डनर लागलेली चिंधी पाण्याच्या डब्यात टाका, कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका.

मॅट लावणं

क्रम: भिंती आधी, तळ शेवटी, आणि तळ लांबच्या कोपऱ्यापासून मॅनहोलच्या शिडीकडे येत.

मॅट आधीच कापून, आकडे घालून, बाहेर सावलीत ठेवा. भिंतीचा तुकडा उंचीपेक्षा १५० मिलिमीटर लांब, म्हणजे तो वाट्यावरून वळून तळावर येईल. सांध्याच्या कडा कात्रीने सरळ कापण्याऐवजी हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात, वरच्या तुकड्यात मिसळतात आणि उंचवटा राहत नाही. एका तुकड्यावर दुसरा किमान ५० मिलिमीटर चढवा. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर कधीच येऊ देऊ नका.

सुरुवात वाट्यांपासून: १५० मिलिमीटर रुंद पट्टी सगळ्या कोपऱ्यांत. मग भिंत. आधी भिंतीवर रोलरने रेझिन, त्यावर मॅट, मग वरून रेझिन. उलट करू नका. कोरड्या भिंतीवर मॅट ठेवून वरूनच रेझिन ओतलं तर मागची हवा अडकते. रेझिन लागल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावू नका. या वेळात मॅटमधला चिकटपदार्थ विरघळतो. पांढरी मॅट आधी करडी होते, मग ओल्या कागदासारखी पारदर्शक होत जाते आणि खालचं काँक्रीट दिसायला लागतं. आता खाचांचा लोखंडी रोलर मधून कडेकडे, हलक्या हाताने फिरवा. रोलरपुढे बारीक बुडबुडे पळताना दिसतात, ते कडेपर्यंत न्यायचे. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे काच कोरडी आहे. ब्रशने टोचून रेझिन द्या, ब्रश ओढू नका, ओढला की तंतू सरकतात.

भिंतीवर एका वेळी एकच थर. दोन ओल्या मॅटचं वजन रात्रीत खाली घसरतं. पहिला थर घट्ट झाल्यावर, पण २४ तासांच्या आत, दुसरा लावा. तोपर्यंत पृष्ठभाग किंचित चिकट असतो आणि नवा थर त्याच्याशी रासायनिकरीत्या जोडला जातो. त्याहून उशीर झाला तर ६० नंबरच्या पेपरने घासून, धूळ काढून मगच पुढे. तळावर दोन्ही मॅट ओल्यावर ओल्या चालतात.

मधल्या थरांत रंग घालू नका. बुडबुडे दिसले पाहिजेत. दुसरा थर पिकला की टॉर्च तिरकी धरून सगळीकडे पाहा. वाटाण्याएवढा किंवा मोठा फुगा कापून काढायचा, कडा घासायच्या, ठिगळ द्यायचं. त्यानंतर टिश्यू.

नळांची तोंडं

गळती परत येते ती बहुतेक इथूनच. प्लास्टिकच्या पाइपवर रेझिन तसं धरत नाही. पीव्हीसी ६० नंबरच्या पेपरने खरवडली तर थोडंफार धरतं, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनवर अजिबात नाही. शक्य असेल तर जुनी तोंडं काढून फ्लॅंज (पाइपच्या तोंडाभोवतीची रुंद चकती) असलेला धातूचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवून घ्या आणि लायनिंग फ्लॅंजच्या तोंडावर चढवा. पाइप बदलता येत नसेल तर त्याच्याभोवती खाच काढून सीलंट भरा, मॅटला पाकळ्यांसारखे चिरे देऊन ती पाइपवर ७५ मिलिमीटर आणि भिंतीवर १०० मिलिमीटर बसवा, असे दोन थर. दुसऱ्या थराचे चिरे पहिल्याच्या चिऱ्यांवर येऊ देऊ नका.

टॉपकोट आणि पिकणं

हवेला लागलेलं पॉलिएस्टर वरून चिकटच राहतं, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाला पिकू देत नाही. म्हणून शेवटच्या हातात मेण घातलेला टॉपकोट. मेण वर तरंगतं आणि हवा अडवतं. मेण फक्त शेवटच्या हातात. मधल्या थरात गेलं तर पुढचा थर त्याच्यावरून सोलून निघतो. रंग पांढरा किंवा फिकट निळा, म्हणजे गाळ लगेच दिसतो. चौरस मीटरला ४०० ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी टणक लागतं म्हणून पाणी भरू नका. आत राहिलेलं स्टायरीन बाहेर पडायला दिवस लागतात. लवकर भरलं तर ते पाण्यात उतरतं आणि घराघरांत "नळाला पेट्रोलसारखा वास येतो" अशा तक्रारी सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २० मायक्रोग्रॅम आहे, आणि नाकाला वास त्याहूनही कमी प्रमाणात येऊ शकतो. ३० अंशांच्या आसपास ब्लोअर चालू ठेवून किमान सात दिवस द्या. हिवाळ्यात दहा. बाहेरून गरम हवा सोडून आतलं तापमान काही तास ५०-६० अंशांवर नेता आलं तर फार उत्तम.

पिकलं का ते पाहायची सोपी चाचणी: स्वच्छ पांढऱ्या चिंधीवर अॅसिटोन घ्या, एका जागी वीस सेकंद चोळा. मेणाचा पातळ पदर निघेल, त्यानंतरही पृष्ठभाग मऊ किंवा चिकट झाला तर अजून कच्चं आहे. बारकोल हार्डनेस मीटर (कडकपणा मोजायचं उपकरण) मिळाला तर रेझिनच्या पत्रकातल्या आकड्याच्या किमान ९० टक्के यायला हवेत. मग नाण्याने टकटक करत फिरा. टणक, भरीव आवाज हवा. ढब असा आवाज आला तिथे खडूने खूण करा.

जाडी तपासायला टाकीत भोक पाडायची गरज नाही. काम चालू असताना त्याच मालाचा, त्याच थरांचा ३० बाय ३० सेंटिमीटरचा नमुना प्लास्टिकवर करून घ्या. व्हर्नियरने जाडी मोजा. त्याचा एक तुकडा उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून जाळा. रेझिन जळून जातं आणि काच उरते. थंड झाल्यावर हातमोजे घालून पापुद्रे सोडवा आणि मॅट मोजा. दोन म्हटल्या होत्या तर दोन निघाल्याच पाहिजेत.

पाणी भरताना

साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासा, धुवा. टाकी भरा, २४ तास ठेवा, ओता. असं दोनदा. तिसऱ्या वेळी काचेच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, झाकण लावून गरम पाण्यात दहा मिनिटं धरा, हलवा, उघडून वास घ्या. वास आला तर पुन्हा रिकामी करून हवा सोडा. मग निर्जंतुकीकरण: १,००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ९,००० लिटरला १.८ किलो. बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणीच टाकीत ओता. तासाभराने सगळं ओतून द्या. पिण्यासाठी सुरू करण्याआधी नमुना प्रयोगशाळेत आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) नुसार तपासून घ्या आणि स्टायरीनची चाचणी वेगळी मागा.

गळतीसाठी इनलेट आणि आउटलेट दोन्ही बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलची रेघ मारा आणि २४ तासांनी पाहा. झाकलेल्या टाकीत पाणी उडून जाणं नगण्य, तेव्हा रेघ सुटली तर आधी नळांची तोंडं तपासा.

पुढे फुगे आले तर

बारीक फुगा टाचणीने फोडा, चष्मा लावून. आतून आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर रेझिन कच्चं होतं आणि असे फुगे वाढत जातील. नुसतं साधं पाणी आलं तर काँक्रीटमधून ओल येते आहे किंवा कड कुठेतरी उघडी आहे, ती आधी शोधा. ठिगळासाठी सुटलेला भाग घट्ट भागापर्यंत कापून काढा. त्याच्या सगळ्या बाजूंनी १०० मिलिमीटर रुंद पट्टा ६० नंबरच्या पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. मेण राहिलं तर ठिगळ धरणार नाही. खालचं काँक्रीट पुन्हा प्लास्टिक लावून १६ तास तपासा, मग प्राइमर, दोन मॅट, टिश्यू, टॉपकोट. आतली मॅट भोकाएवढी, वरची त्याहून ५० मिलिमीटर मोठी, टिश्यू सगळ्यांत मोठा. आणि ठिगळ हातभराचं असलं तरी पाणी भरण्याआधी सात दिवस द्यायचेच.